वाळूवरून धक्क्यावर

कुलाब्याच्या ससून डॉकवर पहाटे पाचच्या सुमारास मासळीचा लिलाव रंगात आलेला असतो. ओल्या फरशीवर पापलेट, सुरमई, हलवा, कोळंबी, माकूल यांचे ढीग लागतात आणि पाट्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात. या गर्दीत पायाखालच्या दगडाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो दगड मासळीसाठी रचलेलाच नव्हता, तो रचला होता कापसासाठी.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध थांबले, भाव कोसळले, कित्येक पेढ्या बुडाल्या. तरी कापसाची निर्यात काही थांबली नाही. अडचण होती ती बंदराचीच. मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि गासड्या लहान होड्यांतून तिथवर न्याव्या लागत. अल्बर्ट ससून यांच्या पेढीने समुद्रात भराव घालून १८७५ साली ही गोदी उभी केली. जहाज थेट धक्क्याला लागेल अशी पश्चिम हिंदुस्थानातली ती पहिली मोठी गोदी. एका खासगी व्यापाऱ्याने असे काही बांधावे हे दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टला रुचणारे नव्हते. १८७९ मध्ये ट्रस्टने ती विकत घेतली. लगेच पुढच्या वर्षी प्रिन्सेस डॉक उघडले, मग व्हिक्टोरिया डॉक, मग १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. जहाजे मोठी होत गेली आणि उत्तरेकडच्या या नव्या गोद्यांकडे वळली. कापसाचा बाजार शिवडीला गेला. १९३० च्या अखेरीस कुलाब्याचे रेल्वे स्टेशनही बंद झाले. ससून डॉक मागे उरले आणि त्यात मासेमार आले.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण किनाऱ्यावरच्या बऱ्याच बंदरांत तो थोड्याफार फरकाने दिसतो. मासेमार किनाऱ्यावर सगळ्यांच्या आधी आले, पण बांधीव धक्क्यावर सगळ्यांच्या शेवटी. मधल्या काळात धक्के झाले ते किल्ल्यांसाठी, वखारींसाठी, आगबोटींसाठी. त्या त्या मालकाचे काम संपले की जागा मासळीला मिळे.

मासेमारांना आधी धक्का का मिळाला नाही, याचे एक उत्तर उघड आहे. त्यांच्याकडे पैसा नव्हता आणि सरकारदरबारी वजनही नव्हते. पण तेवढ्याने भागत नाही. त्यांना धक्का फारसा लागतच नव्हता. त्यांचे सगळे काम वाळूवर होत असे, आणि त्यासाठी वाळूच बरी होती.

जुन्या पद्धतीची होडी हलकी, उथळ बुडाची. भरतीबरोबर ती आत यायची आणि ओहोटी लागली की रेतीवर टेकून राहायची. पावसाळ्यापूर्वी चार माणसांनी ती ओढून वर आणायची आणि झापांनी शाकारून ठेवायची. जाळी सुताची किंवा तागाची. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवायची आणि वाळूवर पसरून सुकवायची. आणि तिसरी गोष्ट, सर्वांत जागाखाऊ, खुद्द मासळी. बर्फ नव्हता तेव्हा सकाळी आलेली मासळी आसपासच्या दोन-चार कोसांत संपवायची, उरलेली उन्हात घालायची. त्यामुळे मासेमार गावाची खरी मालमत्ता म्हणजे गावासमोरची मोकळी, उन्हाची, वाऱ्याची जागा. गावाच्या नकाशात ती रिकामी दिसते, आणि तिथूनच पुढच्या सगळ्या भानगडींना सुरुवात होते.

उत्तर कोकणात या जागेचे सर्वांत ठळक रूप म्हणजे बोंबलाच्या वलांड्या. वेसाव्यापासून सातपाटीपर्यंतच्या पट्ट्यात डोल नावाचे जाळे वापरतात. समुद्राच्या तळात खुंट रोवून त्यांना हे नरसाळ्यासारखे निमुळते जाळे बांधतात. मग जाळ्याने माशाच्या मागे जायचे काम उरत नाही. भरती-ओहोटीचा जोर मासळी आपोआप आत लोटतो. या भागात उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते आणि उतरते, म्हणून प्रवाहाला तेवढा जोर असतो. डोलकराचे पंचांग त्यामुळे चंद्राच्या कलेवर चालते. उधाणाच्या दिवसांत काम, भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत उसंत. जाळ्यात येणारा बोंबील इतका पाणीदार असतो की ताजा फार वेळ टिकत नाही. म्हणून दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडवावर, म्हणजे वलांडीवर, ताणलेल्या दोरीवर टांगतात. काही दिवसांच्या उन्हात त्यातले बहुतेक पाणी निघून जाते आणि उरलेला काडीसारखा बोंबील देशावरच्या बाजारांत महिनोन्‌महिने फिरतो. घाटावरच्या घरांत पावसाळ्यात सुका बोंबील शिजतो तो या मोकळ्या जागेच्या जिवावर.

दक्षिणेला, मालवणच्या बाजूला, खेळ वेगळा. तिथे रापण. अर्धवर्तुळात जाळे सोडत होडी जाते आणि परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंचे दोर धरून पन्नास-साठ माणसे जाळे वाळूवर ओढतात. बांगडा आणि तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात तेव्हाच हे जमते. पाण्याचा बदललेला रंग ओळखून इशारा देणारा जाणता माणूस असतो आणि वाटे ठरलेले असतात. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा, कुठे देवाचाही. रापणीला लांबलचक, खडक नसलेली पुळण लागते. तिथे धक्का बांधला तर तो उलट आड येईल.

मालवणसमोर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग उभारायला घेतला आणि या किनाऱ्याला एकदम राजकीय महत्त्व आले. पण अशा ठिकाणची सर्वांत बोलकी कहाणी मला हर्णैची वाटते. दापोली तालुक्यातले हे बंदर सुवर्णदुर्गाच्या आडोशाला आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी संगनमत करून तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातला सुवर्णदुर्ग घेतला, आणि त्या मोहिमेत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स गाजला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने १७८४ साली लंडनजवळ शूटर्स हिलवर त्याचे स्मारक म्हणून एक तिकोनी बुरूज बांधला. त्याला नाव दिले ‘सेव्हर्नड्रूग’. सुवर्णदुर्गाचे इंग्रजी तोंडातले हे रूप. तो बुरूज अजून उभा आहे. सुवर्णदुर्ग गेल्यानंतर पुढच्याच वर्षी विजयदुर्ग पडला. पेशव्यांनी आपल्याच माणसाचे आरमार परक्याच्या हातून मोडून घेतले, याची किंमत मराठी सत्तेला पुढे चुकवावी लागली. तो विषय इथला नाही. इथे एवढेच महत्त्वाचे की आरमार गेले, आणि ज्या आडोशाला गलबते नांगरून राहत त्या आडोशाला मासेमारी होड्या राहिल्या.

हर्णैला आजही नौका पुळणीपासून दूर पाण्यात उभ्या राहतात. मासळी लहान होड्यांतून उथळ पाण्यात येते आणि तिथून बैलगाड्या ती उचलतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात. मग ओल्या वाळूवरच लिलाव लागतो. पर्यटकांना हे फार आवडते, मोबाइल बाहेर निघतात. तिथल्या नौकामालकांना मात्र यात काही रम्य वाटत नाही. एकच मासळी तीनदा हाताळावी लागते, बर्फ वितळतो, डिझेलचे कॅन पाण्यातून न्यावे लागतात. वादळाचा इशारा आला की नौका आंजर्ले, दाभोळ किंवा जयगडच्या खाडीकडे पळवाव्या लागतात, कारण सुवर्णदुर्गाचा आडोसा सगळ्या वाऱ्यांना पुरत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले. पक्क्या बंदराची इथली मागणी फार जुनी आहे.

आरमारानंतर आल्या आगबोटी. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे थांबे घेत जायची. कोकणातला माणूस मुंबईला गिरणीत गेला तो बहुधा याच वाटेने. बहुतेक थांब्यांवर बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत जायच्या. पडाव चालवणारे हात खारवी, भंडारी, गाबीत, दालदी अशा दर्यावर्दी लोकांचे. म्हणजे बंदर ज्यांच्या जिवावर चालायचे तेच लोक एरवी मासेमारी करायचे. सरकारच्या हिशोबात ‘बंदर’ म्हणजे प्रवासी आणि माल, मासळी त्यात गणली जात नसे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अवसेच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. जी थोडी वाचली त्यांतल्या अनेकांना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी वर ओढले.

‘रामदास’ सुटली होती भाऊच्या धक्क्यावरून. हा धक्का १८४१ मध्ये लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांनी बांधला. लोक त्यांना भाऊ रसूल म्हणत. प्रवाशांच्या सोयीसाठी एका मराठी माणसाने बांधलेला हा मुंबईतला पहिला मोठा धक्का. भराव आणि नव्या गोद्या यांमुळे जुनी जागा बुजली आणि नाव सरकत सरकत आजच्या ठिकाणी आले. तिथे आज रेवस-मोऱ्याच्या लाँचा सुटतात, आणि शेजारी राज्यातल्या मोठ्या मासळी उतरवण्याच्या ठिकाणांपैकी एक आहे. नाव प्रवाशांचे, धंदा मासळीचा.

मग मासळीला धक्का हवासा कधी झाला? माझ्या मते त्याचे उत्तर तीन वस्तूंत आहे: बर्फ, डिझेल आणि नायलॉन. या तिन्ही गोष्टी स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत किनाऱ्यावर पसरल्या. १९५३ पासून केरळात कोल्लमजवळ नींडकऱ्याला नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला. मुंबई राज्यातही इंजिनांसाठी कर्ज आणि अनुदान मिळू लागले. इंजिन बसवलेली नौका जड झाली, तिचे बूड खोल गेले, ती चार माणसांनी वाळूवर ओढणे संपले. नायलॉनच्या जाळ्याला सालीचा काढा नको आणि रोजची सुकवणही नको. बर्फामुळे मासळी ताजी राहू लागली, मग ती वाळवायची कशाला? बर्फाचा कारखाना, डिझेलचा पंप, ट्रकचा रस्ता आणि खोल पाण्याचा धक्का या चार गोष्टी एका जागी असल्या की झाले. वाळूवरचे एकेक काम असे उठून धक्क्यावर गेले.

साठ-सत्तरच्या दशकांत त्यात कोळंबी आली. तोपर्यंत कोळंबीचे सोडे करून विकत. आता ती सोलून, गोठवून, खोक्यांत भरून जपान-अमेरिकेला जाऊ लागली. समुद्राचा तळ खरवडणारे ट्रॉलर वाढले. ससून डॉकच्या कापसाच्या जमान्यातल्या वखारींत कोळंबी सोलणाऱ्या बायका बसू लागल्या. बोटे बर्फाने बधिर, पाय ओल्यात, मजुरी किलोवर किंवा डब्यावर. जाळे टाकण्यापासून जहाजात चढवण्यापर्यंतच्या साखळीत सर्वांत कमी पैसा याच दुव्यावर पडतो.

आणि इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. वाळूवर मासळी उतरली की ती बाईच्या ताब्यात जायची. समुद्र पुरुषाचा, किनारा बाईचा, अशी विभागणी कोळीवाड्यांत पक्की होती. भाव करणे, वाळवणे, खारवणे, टोपली घेऊन बाजार गाठणे, घरातला पैसा सांभाळणे हे सगळे तिचे. धक्क्यावर मासळी दलालाच्या आणि निर्यातदाराच्या हातात आधी जाते. नाखव्याने हंगामापूर्वी त्यांच्याकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे माल कोणाला द्यायचा हे नौका निघण्याआधीच ठरलेले असते. कोळणी लिलावात आजही आवाज टाकून बोली लावतात, पण आता त्या विकत घेणाऱ्या आहेत. घरचीच मासळी त्यांच्या हातात येत नाही. धक्क्याने धंदा वाढला हे खरेच, पण त्या वाढीत त्यांच्या हातची सूत्रे गेली, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालाच्या ठळक अक्षरांत मी पाहिलेली नाही.

वाळूने धक्क्याला विरोध केला तो गोव्यात. सत्तरच्या दशकात तिथे अनुदानावर ट्रॉलर आले आणि किनाऱ्याजवळचे थवे रापणीपर्यंत पोचण्याआधीच उपसू लागले. रापणकर रस्त्यावर उतरले, माथानी साल्ढाणा त्यांचे नेते. उपोषणे झाली, मोर्चे झाले, समुद्रात जाळपोळीपर्यंत गोष्टी गेल्या. या आणि केरळातल्या अशाच संघर्षातून १९८० मध्ये दोन्हीकडे सागरी मासेमारी नियमन कायदे झाले. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मासेमारांसाठी राखायचा हे त्याचे सूत्र. कागदावर ते चांगले आहे, पण पाण्यावर रेघ ओढता येत नाही. मालवण, आचरा या भागांत थव्याला वेढून पकडणारी पर्ससीन जाळी वापरणाऱ्या नौका आणि रापणकर यांच्यात वारंवार संघर्ष झाले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर क्षेत्राची आणि हंगामाची बंधने घातली. मग प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्याचे तंत्र आले. त्यावरही केंद्राने बंदी घातली. रात्री मालवणच्या किनाऱ्यावरून क्षितिजावर दिव्यांची रांग दिसली की तिथले लोक त्या बंदीवर काय बोलतात ते इथे लिहिण्याजोगे नाही.

२०१० च्या सागरी मत्स्य गणनेत महाराष्ट्रात ४५६ मासेमार गावे आणि मासळी उतरवण्याच्या १५२ जागा नोंदल्या आहेत. म्हणजे गाव तिथे उतरण हा जुना हिशोब राहिलेला नाही. मासळी थोड्या ठिकाणी गोळा होते आणि बाकीच्या गावांत वाळू मोकळी पडते, निदान लांबून पाहणाऱ्याला तशी दिसते. या वाळूवर मासेमाराची वहिवाट आहे, पण तिचा सातबारा त्याच्या नावावर नाही. वलांड्या, जाळी विणायच्या जागा, होड्या शाकारायच्या जागा बहुधा सरकारी जमिनीवर आहेत. कोणी विचारले नाही तोवर कागदाची गरज पडली नाही. १९ फेब्रुवारी १९९१ ला किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली आणि किनाऱ्यावर काय बांधता येईल ते ठरू लागले. पुढे २०११ च्या अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा विचार झाला. मग प्रश्न आला की कोळीवाडा म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत. घरे मोजणे सोपे होते. वाळवणीची जागा त्यात धरायची की नाही यावर सीमांकनाचे घोडे वर्षानुवर्षे अडले. बोंबील पावसाळ्यात टांगत नाहीत. मोजणीवाला पावसाळ्यात आला तर त्याला तिथे रिकामे मैदान दिसणार.

डहाणूजवळ वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तिथल्या मासेमारांचा विरोध नव्वदच्या दशकापासूनचा आहे. हा सगळा पट्टा पापलेटाचा. सातपाटीची ओळखच त्याच्यावर उभी आहे, आणि सरकारने २०२३ मध्ये त्याला राज्यमासा म्हणून जाहीरही केले. एका बाजूने मान आणि दुसऱ्या बाजूने भराव, या दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावर वर्षभराच्या अंतराने आल्या. ससून डॉकसारखे हेही बंदर कधीतरी मासळीच्या वाट्याला येईल, असे कोणी म्हणेल. पण ससून डॉकला त्यासाठी अर्धे शतक लागले होते, आणि तेवढा काळ मासे थांबायला हवेत.

वरळीचा प्रसंग लहान आहे, पण मला तो जास्त काही सांगतो. सागरी किनारा मार्ग वरळीच्या कोळीवाड्यासमोर पुलावरून सी लिंकला जोडायचा होता. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर ६० मीटर होते. इंजिनिअरांच्या दृष्टीने ते भरपूर होते, कारण तिथल्या होड्या चार-पाच मीटरच रुंद. कोळ्यांनी क्लीव्हलंड बंदरावर काम अडवले आणि २०० मीटर मागितले, नंतर १६० वर आले. त्यांचे म्हणणे असे की होडी रस्त्यावरच्या मोटारीसारखी सरळ जात नाही. बाजूचा वारा आणि ओहोटीची ओढ एकदम लागली की ती तिरपी वाहते. समोरून दुसरी होडी येत असेल, इंजिन बंद पडले असेल, तर खांब आणि खडक यांच्यामध्ये सावरायला पाणी हवे. शिवाय पाण्यात खांब उभे राहिले की प्रवाह बदलतो, आणि प्रवाह बदलला की जाळ्यांच्या जागा बदलतात. हे समजावून सांगण्यात वर्षे गेली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचे ठरले. कोळ्यांनी मागितले होते त्यापेक्षा कमी, पण पहिल्या आराखड्याच्या दुप्पट. आता त्या १२० मीटरमधून होड्या ये-जा करतात.